आपल्यात न बसणारा माणूस

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील कार्यालय असो वा डोंबिवली एमआयडीसीतील कारखाना, एखाद्या कर्मचाऱ्याविषयी एक वाक्य हमखास ऐकू येते: 'माणूस हुशार आहे, पण आपल्यात बसत नाही.' हे 'बसणे' म्हणजे नेमके काय, याचा विचार आपण क्वचितच करतो.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ मायकेल कर्टन यांनी १९७६ साली विचारपद्धतीची दोन टोके दाखवून दिली. काही जण चालू चौकटीतच सुधारणा करत काम पुढे नेतात, तर काही जण चौकटच बदलू पाहतात. यात बुद्धी कमी-जास्त असण्याचा प्रश्न नाही. मात्र ज्याची रीत गटाच्या रीतीहून वेगळी, त्याला रोज मनाला मुरड घालावी लागते आणि त्यातच तो थकतो.

मुस्लिम कर्मचाऱ्यावर हा भार दुहेरी पडतो. त्याचे नाव आधीच वेगळे. त्यात मतही वेगळे मांडले, तर ते त्याचे एकट्याचे न राहता 'त्यांचे' होते. म्हणून कल्याण-मुंब्र्याहून कामावर जाणारी आमची कित्येक मुले बैठकीत मान डोलावून मोकळी होतात. पण मशवरा ही अमानत मानणारे आपण. मग मनातली शंका गिळणे ही खयानत नव्हे काय? डोंबिवली एमआयडीसीने २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजी प्राणघातक स्फोट पाहिले. जिथे रसायने हाताळली जातात, तिथे न बोललेली शंका इतरांच्या जिवावर बेतू शकते.

तरीही अर्धी जबाबदारी ऐकणाऱ्याची आहे. इ. स. ६२७ मध्ये मदिनेच्या रक्षणासाठी खंदक खोदण्याची कल्पना सलमान फारसी (रजि.) यांनी सुचवली, असे सीरतच्या ग्रंथांत येते. ते इराणचे, अरबांना ही युद्धरीत नवखी. 'आमच्यात असे लढत नाहीत' म्हणून ती टाकून दिली गेली नाही. पैगंबरांनी (स.) ती स्वीकारली आणि स्वतः माती वाहिली. आम्ही कोकणी मुसलमान बहुतेक शाफई. इमाम शाफई हे इमाम मालिक यांचे शागीर्द. उस्तादांशी मतभेद झाले, म्हणून त्यांच्याविषयीचा आदर सुटला नाही.

आता आपल्या जमातीच्या, ट्रस्टच्या बैठका आठवाव्यात. हिशेब विचारणारा तरुण किंवा शिक्षणाविषयी नवे काही सुचवणारी मुलगी उभी राहिली, तर आपणही तेच वाक्य उच्चारत नाही काय? कार्यालयाकडून जो न्याय आम्ही मागतो, तो आपल्या मोहल्ल्यात आधी द्यायला हवा. घरात ज्याचे ऐकले गेले, तोच बाहेर न भिता बोलू शकेल.