बांधावरची भांडणं

जुलै २०२४मध्ये 'कू' हे देशी समाजमाध्यम बंद पडलं. तिथे मराठीत लिहिणाऱ्यांनी जमवलेला गोतावळा एका निर्णयासरशी पांगला. घर भाड्याचं, किल्ली मालकाकडे. मालकाने दुकान गुंडाळलं की बिऱ्हाड रस्त्यावर.

अशा परावलंबनातून सुटण्यासाठीच विकेंद्रित जाळी उभी राहिली. जर्मनीतल्या ऑयगेन रोच्को यांनी २०१६मध्ये मॅस्टोडॉन आणलं. ज्याने त्याने आपला सर्व्हर चालवावा, नियम आपले ठेवावेत आणि तरीही दुसऱ्या सर्व्हरवरच्यांशी बोलावं, ही त्यामागची कल्पना. मग ब्लूस्काय आलं, नॉस्टर आलं. प्रत्येकाची तांत्रिक बोली मात्र निराळी. आता या तिन्हींच्या चाहत्यांत वाद रंगतात : खरं विकेंद्रीकरण कुणाचं? माणसं कुणाकडे जास्त? जमीनदाराच्या जाचातून सुटलेल्या कुळांनी बांधावरून एकमेकांची डोकी फोडावीत, तशातली ही गत.

याउलट ई-मेलकडे पाहा. रे टॉमलिन्सन यांनी १९७१मध्ये एका संगणकावरून दुसऱ्यावर निरोप धाडला. पत्त्यात माणूस आणि यंत्र यांच्यामध्ये '@' बसवला. आज कुणाचा पत्ता जीमेलचा, कुणाचा विद्यापीठाचा, पत्र पोचतं. सेवा देणारे आपसांत स्पर्धा करतात, पण एकमेकांची टपाल अडवून नव्हे.

स्पर्धेशिवाय सुधारणा होत नाही, असं कुणी म्हणेल. खरंच आहे. स्पर्धा चांगल्या ॲपची असावी, शिवीगाळ आवरण्याची असावी. शेजाऱ्याची वाट अडवण्याची नसावी. जाळ्याची किंमत त्यातून किती माणसांपर्यंत पोचता येतं, यावर ठरते. वाट अडवणारा आपल्याच माणसांचं जग आखडून टाकतो.

सहकार्य म्हणजे भाबडेपणाही नव्हे. 'टॉक' या गूगलच्या गप्पांच्या सेवेने २००६मध्ये एक्सएमपीपी या निरोपांच्या खुल्या जाळ्याशी नातं जोडलं आणि गूगलने २०१३मध्ये 'हँगआउट्स' ही नवी सेवा आणताना ते तोडायला घेतलं. थोरल्याच्या मर्जीवर टिकणारी मैत्री ही मेहेरबानीच. सहकार्याला संमतीही हवी. २०२४मध्ये मॅस्टोडॉन आणि ब्लूस्काय यांना जोडणाऱ्या 'ब्रिजी फेड' या पुलावरून गदारोळ उठला, कारण आधी न विचारताच लोकांचं सार्वजनिक लेखन पलीकडे नेण्याचा बेत होता. निर्मात्याने माघार घेतली. आता पुलाच्या खात्याला 'फॉलो' करणाऱ्याचंच लेखन पलीकडे जातं. पूल राहिला, संमतीही राहिली. ज्यांना आपल्या जाळ्याचं सोवळं पलीकडच्याच्या स्पर्शाने बाटेल असं वाटतं, त्यांनी हे उदाहरण नीट पाहावं.

आपणही नवं खातं उघडताना तिथे गर्दी किती, एवढंच पाहतो. त्याऐवजी दोन गोष्टी विचाराव्यात : इथून शेजारच्या जाळ्यात हाक मारता येते का? आणि उद्या मी निघालो, तर माझी माणसं माझ्याबरोबर येतील का? 'कू'वर जाताना हे आपण विचारलं नव्हतं.