अंतःकरणाचा अधिकार

उदारमतवादाचे मूळ शोधत मागे गेले की मतपेटी लागत नाही, बाजारपेठही लागत नाही. लागते ते श्रद्धेने व्याकुळ झालेले अंतःकरण. 1685 साली फ्रान्सच्या चौदाव्या लुईने नांतचे फर्मान रद्द करून प्रोटेस्टंटांची उपासना बंद पाडली, आणि त्याच सुमारास हॉलंडमध्ये अज्ञातवासात असलेल्या जॉन लॉकने सहिष्णुतेवरचे आपले लॅटिन पत्र लिहिले. राजदंड देह बांधू शकतो, धन हिरावू शकतो, परंतु अंतःकरणाला काही पटवून देऊ शकत नाही, आणि न पटलेली उपासना ईश्वरालाही रुचत नाही, हा त्याचा युक्तिवाद. श्रद्धेला येथे मोकळीक मिळते ती तिच्या अनमोलपणामुळे.

तरीही लॉकने नास्तिकांना या सहिष्णुतेबाहेर ठेवले. अधिक खोल उतरला तो रॉटरडॅममध्ये आश्रय घेतलेला फ्रेंच प्रोटेस्टंट विचारवंत पिएर बेल, ज्याचा भाऊ फ्रान्सच्या तुरुंगात मरण पावला होता. चुकलेल्या अंतःकरणालाही अधिकार असतो, असे त्याने 1686 मध्ये मांडले. कारण जे मला प्रामाणिकपणे सत्य वाटते त्याविरुद्ध मला वागायला लावणे म्हणजे, माझी समजूत खोटी असली तरी, माझ्याकडून पापच करवून घेणे होय. मला हे वचन लॉकच्या युक्तिवादाहून मोठे वाटते, कारण त्यात समोरच्याची चूकसुद्धा आदराने हाताळली आहे.

मग अंतःकरण म्हणजे मनाची लहर काय? नव्हे. वासना कितीही प्रबळ असो, अधिकार अंतःकरणाचाच, असे बिशप बटलरने 1726 च्या प्रवचनांत सांगितले. आणि अ‍ॅडम स्मिथने 1759 च्या आपल्या नीतिग्रंथात त्या अंतःकरणात एक निःपक्षपाती साक्षी पाहिला, जो जन्मतः सिद्ध नसतो, तर चारचौघांत राहून, त्यांच्या दृष्टीने स्वतःकडे पाहता पाहता घडत जातो.

परंतु चारचौघेच आंधळे झाले तर? तूलूझमध्ये स्वतःच्या मुलाच्या खुनाचा खोटा आळ येऊन 1762 मध्ये चाकावर हाल करून मारल्या गेलेल्या प्रोटेस्टंट व्यापारी झाँ कलासची कथा स्मिथने आपल्या मृत्यूच्या वर्षी, 1790 च्या आवृत्तीत, याच प्रश्नापाशी आणली. जगाच्या कोलाहलात आतला साक्षीही डळमळतो, हे त्याने मान्य केले, आणि अशा पीडिताला सर्वसाक्षी ईश्वराच्या न्यायासनाकडेच दाद मागता येते, असे लिहिले.