फुटला की फोडला?

मराठी व्याकरणात क्रियापदांचे दोन प्रकार सांगितले आहेत, अकर्मक आणि सकर्मक. शाळेत मास्तरांनी ते छडीच्या साहाय्याने शिकवले, पण त्यांचा खरा उपयोग कळला तो घरी. कप फुटला, हे अकर्मक. कप फोडला, हे सकर्मक. आमच्या घरात आजवर एकही कप कुणी फोडलेला नाही. सगळे आपापले फुटले. दूध उतू गेलं, किल्ली हरवली, आमटी खारट झाली, विजेचं बिल भरायचं राहिलं. सगळं आपोआप. एवढी अनर्थांची मालिका घडते आणि करणारा कुणीच नाही! वेदान्त्यांना जो निष्क्रिय आत्मा जन्मभर तप करून सापडतो, तो आमच्या स्वयंपाकघरात रोज वावरत असतो.

आमच्या रत्नागिरीला तर या बाबतीत थोर परंपरा आहे. टिळक इथे जन्मले, १८५६ साली. त्यांची ती शेंगांची गोष्ट आम्ही दुधाबरोबर पितो. मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी टरफलं उचलणार नाही, असं ते मास्तरांना बाणेदारपणे म्हणाले म्हणतात. तेव्हापासून रत्नागिरीत कुणीही टरफलं उचलायला तयार नसतो. फरक इतकाच की टिळकांनी शेंगा खरोखरच खाल्ल्या नव्हत्या.

हे सगळं मला सुचायला कारण झाली पर्ल नावाची एक संगणकाची भाषा. २००१ सालची गोष्ट. मामांची कलमं आहेत. त्यांचा आंबा दलालामार्फत वाशीला जायचा आणि हिशेबाची पट्टी आली की मामा दोन दिवस कुणाशी बोलायचे नाहीत. मी तेव्हा कॉम्प्युटरशी नुकतीच सलगी केली होती. नुकतीच सलगी केलेला माणूस फार धोकादायक असतो. मी म्हटलं, "मामा, आपण वेबसाइट काढू. पुण्याचं गिऱ्हाईक घरबसल्या पेटी मागवील." मामा म्हणाले, "अरे, पण आंबा घरबसल्या पिकला पाहिजे ना?" एवढी शंका काढून त्यांनी परवानगी दिली.

त्या काळी वेबसाइटवर मागणी नोंदवायची तर सर्व्हरवर, म्हणजे अमेरिकेत कुठंतरी बसलेल्या यंत्रावर, एक प्रोग्रॅम ठेवावा लागे, आणि तो बहुधा पर्लमध्ये लिहिलेला असे. ही भाषा लॅरी वॉल नावाच्या गृहस्थांनी १९८७ साली काढली. त्यांच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर उंट आहे. आत प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचे तीन सद्गुण दिले आहेत: आळस, उतावीळपणा आणि गर्व. पुस्तक मी तिथंच मिटलं. तिन्ही विषयांत माझी तयारी आधीच झालेली होती.

भाषा मात्र मोठी मनमिळाऊ. एक काम दहा तऱ्हांनी करा, तिची हरकत नाही. शिस्त हवी असेल तर 'स्ट्रिक्ट' असा शब्द आरंभी लिहायचा. मग हे स्ट्रिक्ट ओटीवर बसलेल्या आजोबांसारखं आत शिरणाऱ्या प्रत्येकाला "तू रे कुणाचा?" म्हणून विचारतं, आणि नावापुढे 'माय', म्हणजे 'माझा', असं लिहून दिल्याशिवाय कुणाला आत सोडत नाही. मी आजोबांना सुट्टी दिली. सद्गुण क्रमांक एक.

पहिले तीन दिवस माझ्या प्रोग्रॅमने एकच उत्तर दिलं: 'पाचशे. इंटर्नल सर्व्हर एरर.' अंतर्गत अडचण. बस्स. पत्रिका जमली नाही की मुलीकडचे कळवतात तितकंच मोघम! पुढे कळलं की पान पाठवण्याआधी 'हे अमुक प्रकारचं पान आहे' अशी एक ओळ लिहायची असते आणि तिच्याखाली एक ओळ कोरी सोडायची असते. मध्ये अंतरपाट धरल्याशिवाय लग्न लागत नाही, तसं ते आहे. ती कोरी ओळ मी सोडली नव्हती. तीन दिवस मी काय लिहायचं चुकलो ते शोधत होतो, आणि चुकलो होतो काय न लिहायचं ते! मग विंडोजमधून फाईल धाडताना ओळीच्या शेवटी न दिसणारं एक अक्षर चिकटून जातं, त्यात आणखी दोन दिवस गेले. प्रोग्रॅमच्या पहिल्या ओळीत पर्लचा पत्ता असतो. त्या पत्त्याला हे अक्षर चिकटलं की सर्व्हर दारोदार हिंडतो आणि सांगतो, असा कुणी इथं राहत नाही.

हे मला कळलं ते एरर लॉगमुळे. सर्व्हर जगाला 'अंतर्गत अडचण' एवढंच सांगतो, पण मागच्या खोलीत एका वहीत सगळी खरी हकीगत लिहून ठेवतो. तारीख, वेळ, कितव्या ओळीवर काय बिघडलं, सगळं. प्रथम मला हा ढोंगीपणा वाटला. मग लक्षात आलं की आमच्या कोकणी घरासारखंच हे आहे. ओटीवर आलेल्याला "जरा अडचण आहे" म्हणायचं, आणि माजघरात काय ते बोलायचं. आल्यागेल्याला घरातल्या कड्याकुलपांची माहिती सांगणं हा काही खरेपणा नव्हे. चोराची सोय तेवढी होते. तेव्हा ओटीवर मोघम बोलायला नीतीची हरकत नसावी. अट एकच. माजघरात तरी खरं बोललं गेलं पाहिजे.

माझा प्रोग्रॅम सुरू झाला. त्याची रीत अशी. एका फाईलीत शेवटच्या मागणीचा नंबर. गिऱ्हाइकाने बटण दाबलं की तो नंबर वाचायचा, त्यात एक मिळवायचा, गिऱ्हाइकाला आभाराचं ई-पत्र धाडायचं, मग त्या नंबरच्या नावाने फाईल उघडून मागणी लिहायची आणि शेवटी नवा नंबर जुन्याच्या जागी ठेवायचा. आधी आभार, मग नोंद. माझ्यावर लहानपणापासून चांगले संस्कार झालेले आहेत, त्याला मी काय करू?

पेट्या टेम्पोने पुण्याला जायच्या. बरोबर वाडीतला एक पोरगा असे, अठरा-एकोणीस वर्षांचा. मामांच्या एका नातेवाइकांच्या ओसरीवर तो पेट्या घेऊन बसे. गिऱ्हाईक आभाराच्या पत्राचा कागद घेऊन येई, तो नंबर बघून पेटी देई आणि पैसे घेई. अक्षय्य तृतीयेच्या तोंडावर एकेचाळीस नंबरचा घोटाळा झाला. सकाळी एका बाईंनी त्या नंबरच्या दोन पेट्या नेल्या. संध्याकाळी एक गृहस्थ एकेचाळीस नंबर घेऊन हजर. यादीत नाव या गृहस्थांचं. पेट्या गेलेल्या. घरी सणाला पाहुणे. पुढचा संवाद पुण्यात झाला, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

मामांनी पोराला विचारलं. तो म्हणाला, "बाईंच्या कागदावर पण एकेचाळीसच होता." पैसे त्याने चोख आणून दिले होते. पण मामांना वाटलं, कुणीतरी शंभर रुपये जास्त देऊ केले असणार आणि याने पेट्या फिरवल्या असणार. त्यांनी मला विचारलं, "काय रे, दोघांना एकच नंबर येईल का?"

मी हसलो. ते हसणं मला अजून आठवतं. मी म्हटलं, "मामा, माणूस चुकतो. कॉम्प्युटर कसा चुकेल?"

सद्गुण क्रमांक तीन.

पोराला पुण्याच्या कामावरून काढलं. शिवी नाही, मारहाण नाही. दुसऱ्या खेपेला टेम्पोबरोबर दुसरा गेला, इतकंच. वाडीला तेवढं पुरतं.

मनात मात्र कुठंतरी खुटखुट होती. मी अमेरिकेतल्या सर्व्हरची वही उघडून पाहिली. कोरी! एकाही चुकीची नोंद नाही. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. पुढच्या आठवड्यात अठ्ठावन्न नंबर दोघांना आला आणि या खेपेला टेम्पोबरोबर दुसराच माणूस होता. त्या रात्री मी शेजारच्या सायबर कॅफेत गेलो. एका कॉम्प्युटरवर मी, दुसऱ्यावर कॅफेवाला. "एक, दोन, तीन" म्हणून दोघांनी बटण दाबलं. दोघांच्या पडद्यावर सुवाच्य अक्षरांत उमटलं: आपली मागणी नोंदली आहे, आभारी आहोत. नंबर दोघांचाही तोच.

दोन गिऱ्हाइकं एकदम आली की सर्व्हर प्रोग्रॅमच्या दोन प्रती एकदम चालवतो. एक प्रत नंबर वाचून आभार मानत बसते, तोवर दुसरी येऊन तोच जुना नंबर वाचते. मग दुसरीची फाईल पहिलीच्या फाईलीवर बसते आणि पहिली पुसली जाते. यंत्राच्या दृष्टीने यात काहीच चुकलेलं नाही. त्याला जसं सांगितलं तसं त्याने केलं. म्हणून वही कोरी.

यावर उपाय एका ओळीचा. 'फ्लॉक' म्हणतात. फाईल उघडल्यावर तिला कडी घालायची. दुसऱ्या प्रतीने कडी निघेपर्यंत बाहेर थांबायचं. पण हे कुलूप नव्हे. यष्टीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तसला हा प्रकार. रुमाल कुणाला बसण्यापासून अडवत नाही. सगळ्यांनी रुमालाला मान द्यायचा ठरवलेलं असतं, म्हणून तो चालतो. एकाने न पाहता बसायचं ठरवलं की रुमालाचं नुसतं फडकं होतं. समाजातली बहुतेक नीती याच जातीची असावी.

आणि दुसरी एक ओळ होती. पर्लमध्ये प्रत्येक कामापुढे लिहायची पद्धत आहे: हे कर, नाहीतर 'डाय'. म्हणजे मर! फाईल उघड, नाहीतर मर. पुस्तकात पानोपानी मरणाच्या गोष्टी. सणासुदीचा व्यवसाय, लोक पैसे देणार, आणि आत आपलं मर, मर! मला ते अभद्र वाटलं. मी ते शब्द निवडून काढून टाकले होते. त्याऐवजी 'या नंबरची फाईल आधीच असेल तर मर' एवढं जरी लिहिलं असतं, तरी गिऱ्हाइकाला 'पाचशे' दिसले असते, वहीत कारण आलं असतं, मला चार शिव्या बसल्या असत्या आणि पोरगा पुण्याच्या ओसरीवर राहिला असता. काम बिघडल्यावर जागच्या जागी मरणारा प्रोग्रॅम आणि काम बिघडवून आभार मानणारा प्रोग्रॅम, यांत सभ्य कोण? मी तोवर उलटं समजत होतो.

हे कळल्यावर मी ताबडतोब मामांकडे गेलो, असं लिहायला मला फार आवडलं असतं. मी तीन दिवस गेलो नाही. त्या तीन दिवसांत मी अनेक वाक्यं जुळवली. "नंबरात थोडा गोंधळ झाला." "सर्व्हरची अडचण आली." "एका वेळी दोघं आले." व्याकरणदृष्ट्या सगळी निर्दोष. सगळी अकर्मक. शेवटी मामांसमोर उभा राहिलो आणि तोंडातून निघालं, "मामा, नंबर मी चुकवला."

मामा बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, "हे मला सांगून काय उपयोग? त्याला सांग."

पोराचं घर वाडीच्या टोकाला. मी सगळं सांगितलं, दोन प्रती, आभार, रुमाल. त्याने ऐकून घेतलं आणि आत जाऊन एक कागद आणला. तीन घड्या घातलेला. बाईंच्या आभाराच्या पत्राचा. नंबर एकेचाळीस. पेटी दिल्यावर त्याने तो ठेवून घेतला होता.

मी म्हटलं, "अरे, मग हा दाखवायचास की!"

तो म्हणाला, "काका, तुम्ही विचारलंत कुठं?"

अमेरिकेतली वही मी उघडून पाहिली होती. रत्नागिरीतला खिसा तपासावा, असं मला सुचलं नव्हतं. लॉग असतो, पण तो विचारल्याशिवाय बोलत नाही, आणि विचारायचं कुणाला, हे आधीच ठरवलेलं असलं की कोरी वहीच हाती येते.

पुढे इंग्लंडातल्या पोस्टमास्तरांची हकीगत वाचली, तेव्हा तो कागद डोळ्यांपुढे आला. तिकडे पोस्टात १९९९पासून होरायझन नावाची संगणक प्रणाली आली. हिशेबात तूट दाखवू लागली. पोस्टमास्तर सांगत होते, आम्ही पैसे घेतले नाहीत. पण कॉम्प्युटर कसा चुकेल? २०१५पर्यंत नऊशेहून अधिक जण दोषी ठरले. कित्येक तुरुंगात गेले. २०१९ साली लंडनच्या हायकोर्टाने प्रणालीत दोष असल्याचा निकाल दिला आणि २०२४ साली पार्लमेंटला कायदा करून शेकडो शिक्षा रद्द कराव्या लागल्या. साहेब आमच्याकडे व्याकरणाला आला असता तर 'तूट आली' आणि 'तूट आणली' यांतला फरक त्याला वेळेवर कळला असता. पण मी तरी कुठं वेळेवर शिकलो?

मामांनी पोराला पुन्हा पुण्याला पाठवायचं म्हटलं. तो गेला नाही. त्याच पावसाळ्यात मुंबईला गेला. आता त्याचा स्वतःचा टेम्पो आहे. भेटला की हसतो. मला मात्र अजून तितकं मोकळं हसता येत नाही.

पर्लही आता म्हातारी झाली. वेबच्या कामाची तिची जुनी सामग्री २०१५ साली मूळ संचातून काढून टाकली. मामांचा नातू आता फोनवरच मागण्या घेतो, पैसेही फोनवरच येतात. परवा कुणाचीशी पेटी चुकली. नातू गिऱ्हाइकाला सांगत होता, "सिस्टिमला प्रॉब्लेम आला होता हो." भाषा बदलली, व्याकरण तेच. मी त्याला हाक मारून विचारलं, "ओटीवरचं ठीक आहे. माजघरात काय लिहिलंयस?" त्याला काही कळलं नाही.

काल माझ्या हातून कप सुटला. स्वयंपाकघरातून आवाज आला, "काय झालं?"

"कप फु..." मी म्हटलं, आणि थांबलो. "कप फोडला. मी."

आत क्षणभर शांतता. साठ वर्षांत असं वाक्य त्या भिंतींनी ऐकलेलं नव्हतं. मग ही बाहेर आली, माझ्याकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं आणि म्हणाली, "ते कळलं. आता टरफलं कोण उचलणार?"