नदीची जागा आणि माणसाची मर्यादा

धरणाचे पाणी सोडले आणि खालची घरे बुडाली, की दोष कोणाचा, हा वाद दर पावसाळ्यात उठतो. कोणी धरणाकडे बोट दाखवतो, कोणी पावसाकडे, कोणी आपल्या प्रारब्धाकडे. प्रश्न धर्माधर्माचा आहे, तेव्हा सज्जनहो, थोडा विचार करू.

उदाहरण पुण्याचे घ्या. तिथली मुठा मुळेला मिळते, मुळा-मुठा भीमेला मिळते, आणि भीमा म्हणजेच पंढरीची आपली चंद्रभागा. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, ती गोष्ट निराळी. पण २५ जुलै २०२४ रोजी धरण शाबूत होते. खडकवासल्यातून सेकंदाला सुमारे ३५ हजार घनफूट पाणी सोडावे लागले आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरले. लोक म्हणाले, धरण आधीच रिकामे का नाही ठेवले?

शंका रास्त आहे. पण हिशोब करा. खडकवासल्यात वापरायचे पाणी मावते सुमारे २ अब्ज घनफूट. ते पार रिकामे धरले आणि वरून याच वेगाने पाणी येत राहिले, तरी सोळा तासांत ते भरेल. पुढे जे येईल ते खाली जाणारच! शिवाय उन्हाळ्यात प्यायला पाणी हवे म्हणून धरण भरा, आणि पूर नको म्हणून रिकामे ठेवा, असे आपण एकाच घागरीला सांगतो. पाणी वेळेवर सोडणे आणि खालच्यांना आधी सावध करणे हे धरण राखणाऱ्याचे कर्तव्यच होय; त्यात कसूर झाली तर त्याला जाब विचारावा. मात्र धरणाने लहान पूर अडतो, मोठ्याचा जोर कमी होतो. पूर नाहीसा होत नाही.

इथेच भ्रम शिरतो. वेदान्तात दोरीवर साप भासतो. इथे उलटे आहे. साप खरा आहे आणि आपण त्याला दोरी समजून उशाशी घेतो. चार वर्षे पाणी आले नाही की पात्राकडची जमीन कोरडी दिसते, तीवर राडारोड्याचा भराव पडतो, मग प्लॉट पडतात. सरकारने पूररेषा आखल्या आहेत. निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची. म्हणजे पूर शंभर वर्षे थांबून येतो असे नव्हे! दर वर्षी शंभरात एक शक्यता. लाल रेषेवरचे घर पन्नास वर्षे उभे राहिले, तर त्या काळात एकदा तरी पाणी येण्याची शक्यता शंभरात सुमारे चाळीस.

आता कोणी म्हणेल, "जमीन माझी, घर माझे, बुडालो तर मी बुडेन, यात पाप कसले?" अहो, तुम्ही एकटे बुडत नाही. भरावाने अडलेले पाणी समोरच्या काठावर चढते, शेजाऱ्याच्या चुलीत जाते. ही परपीडाच झाली.

दुसरा विचारील, "मग गरिबाने राहावे कुठे?" हा प्रश्न खरा आहे. दोषाचे वजन ज्ञानावर आणि सामर्थ्यावर ठरते. रेषा ठाऊक असून प्लॉट विकणारा आणि डोळे मिटून परवानगी देणारा, यांचा भार सर्वांत मोठा. दुसरी जागा परवडत असूनही चौकशी न करता घेणारा त्याखाली. ज्याला दुसरीकडे थाराच नाही, त्या झोपडीवाल्याच्या माथी पाप मारू नये. त्याला पर्यायी जागा न देता हुसकावणे हाही अधर्मच.

आणि आपण वारकरी? तीर्थाच्या गावी काठावर मठ बांधायचा, धर्मशाळा बांधायची, म्हणून आपणच देणग्या देतो. देवाच्या नावाने भिंत बांधली म्हणून पाणी वळसा घालून जात नाही. आपल्या चालीरीतीतच याचे उत्तर आहे. वाळवंटात कीर्तन करावे, आणि पाणी चढू लागले की वीणा-मृदंग उचलून वर यावे. नदीकाठी पाहुण्यासारखे राहावे, मालक होऊ नये. तेव्हा पुढची देणगी देण्याआधी एवढेच विचारा, "महाराज, ही जागा पूररेषेच्या आत की बाहेर?" नकाशा दाखवल्यावाचून पावती फाडू देऊ नका.