छेदस्थानी चाळीस

बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसाला आकडा आधी दिसतो, कागद मागाहून. भाच्याने स्वतः केलेलं पुस्तक मोठ्या कौतुकाने माझ्या हातात ठेवलं, तेव्हा चित्रांच्या आधी मला दिसलं ते शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेलं 7/40. मी म्हटलं, "चाळीसपैकी सात? नापास झालास की रे!"

"मामा, ही सातवी प्रत. एकूण चाळीसच छापल्यात."

"आणि एक्केचाळिसावी?"

"ती नाही."

"का नाही?"

ऐन मंगलाष्टकांत भटजींना कोणी 'आठच का?' असं विचारावं, तसा भाच्याचा चेहरा झाला. पण प्रश्न दिसतो तेवढा बावळट नाही. मी कॉमर्सचा माणूस. तत्त्वज्ञान हा विषय आम्हांला नव्हता आणि असता तर ऑप्शनला टाकला असता. तरीही त्या 'का नाही'ने मला दोन महिने काउंटरवरसुद्धा सोडलेलं नाही.

आधी पुस्तकाविषयी. सोळा पानांची चित्रकथा आहे. गणपतीची वर्गणी मागायला आलेल्या पोरांना चुकवण्यासाठी एक गृहस्थ घरातल्या घरात लपत फिरतो. कपाटात, पलंगाखाली, मोरीत, आणि शेवटी माळ्यावर. माळ्यावर त्याला मागच्या वर्षी लपलेला शेजारी भेटतो. एवढंच कथानक. त्या गृहस्थाचं नाक कोणावर गेलं आहे याबद्दल आमच्या घरात एकमत आहे. माझं मत कोणी विचारलं नाही.

हे पुस्तक छापखान्यात गेलेलंच नाही. जपानी रीतीने लाकडावर कोरून, हाताने घासून छापलेलं आहे. चित्र पातळ कागदावर काढायचं, तो कागद फळीवर पालथा चिकटवायचा आणि कागदासकट लाकूड कोरायचं. रेषा तेवढी उंच ठेवायची, बाकीचं सगळं खणून काढायचं. पालथ्या कागदामुळे अक्षरं फळीवर उलटी येतात आणि छापली की सुलटी. भाच्याने पहिली फळी उत्साहाच्या भरात कागदाशिवायच कोरली. त्यातला संवाद आरशासमोर उभं राहून वाचावा लागला. देवनागरीची गंमत अशी, की ती डावीउजवीकडे उलटली तरी शिरोरेषा डोक्यावरच राहते, त्यामुळे लांबून सगळं ठीकठाक वाटतं. बँकेत येणारे काही अर्ज मला असेच लिहिलेले वाटतात.

मग फळीवर ब्रशने पाण्यातला रंग आणि भाताची खळ लावायची, वर ओलसर कागद ठेवायचा आणि बांबूच्या सोपटात गुंडाळलेल्या 'बारेन' नावाच्या चकतीने पाठीमागून घासायचं. दुसरा रंग हवा तर दुसरा ठसा. दोन्ही रंग एकमेकांवर नेमके बसावेत म्हणून फळीच्या कडेला 'केन्तो' नावाच्या खाचा असतात, त्यांत कागदाचा कोपरा आणि कड टेकवायची. जरा चुकलं की नाकाचा तांबडा रंग कानावर.

भाच्याने काळा आणि तांबडा एवढेच रंग वापरले. एका पुस्तकाला आठ कागद, प्रत्येक मधोमध दुमडून दोन पानं. मी लगेच पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडला. आठ कागद, दोन रंग, चाळीस प्रती, म्हणजे 640 वेळा घासणं. वाया गेलेले कागद निराळे. त्यात पुण्याच्या मे महिन्यात ओला केलेला कागद फळीपर्यंत पोचेतो वाळतो आणि जुलैत वाळलेल्या कागदालाही बुरा येतो. आठ महिन्यांचे रविवार गेले. कॉस्ट अकाउंटिंगच्या नियमाने मजुरी लावली, तर एका प्रतीच्या किमतीत त्या गृहस्थाने दहा वर्षांची वर्गणी सुखाने दिली असती. भाच्याने किंमत ठेवली दीड हजार.

आता ज्यांची ही विद्या, त्या जपानी मंडळींकडे बघा. होकुसाई नावाचा थोर चित्रकार होऊन गेला. त्याच्या 'मांगा'चा पहिला भाग 1814 साली नागोयाच्या एका प्रकाशकाने काढला. मांगा म्हणजे साधारण मनाला येतील तशी काढलेली चित्रं. शिकाऊ चित्रकारांना गिरवायला म्हणून काढलेलं पुस्तक. पण आत पहिलवान, भुतं, पक्षी, अंघोळ करणारी जाडी माणसं, वेडीवाकडी तोंडं करणारे लोक, सगळा बाजार भरलेला. लोकांनी ते असं उचललं की एकाचे पंधरा भाग झाले. शेवटचा भाग निघाला 1878 साली, आणि होकुसाई गेला 1849 साली. मेल्यावर एकोणतीस वर्षांनी माणसाचं काम पुढे सरकतं हे मी आजवर फक्त वारसाहक्काच्या फायलीत पाहिलं होतं.

त्या काळी चित्र काढायचं एकाने, कोरायचं दुसऱ्याने, घासायचं तिसऱ्याने आणि पैसे घालायचे प्रकाशकाने. नाव मुख्यतः चित्रकाराचं. कोरणारा आणि घासणारा बहुधा बेनाम. शिवाय चित्रकाराचं मूळ चित्र कोरतानाच लाकडाबरोबर खरवडून जायचं. म्हणजे आमच्या काउंटरवर होकुसाई आला असता आणि मी शिरस्त्याप्रमाणे 'मूळ प्रत दाखवा' म्हटलं असतं, तर बिचारा परत गेला असता. त्याच्याकडे सगळ्या सत्यप्रतीच. मूळ प्रतच नाही, आणि तरी प्रत्येक प्रत अस्सल!

त्याची ती प्रसिद्ध लाट तुम्ही पाहिलीच असेल. निळी, फेसाळ, नख्या काढून होड्यांवर येणारी आणि मागे छोटासा फुजी. 1831च्या सुमाराची. तेव्हा तिची किंमत एकदोन वाडगे शेवयांएवढी होती. हजारो प्रती निघाल्या. आकडा कशावर नाही. मागणी आहे आणि ठसा टिकतोय तोवर छापायचं, ही पद्धत. ठसा झिजला की रेषा तुटायच्या; उशिराच्या प्रतींत चित्राच्या नावाभोवतीची चौकट तुटलेली दिसते, आणि त्यावरून जाणकार प्रतीचं वय सांगतात. आज माहीत असलेल्या प्रती शंभरावर थोड्या. त्यांतली एक मार्च 2023मध्ये न्यूयॉर्कला 27 लाख 60 हजार डॉलरला गेली. आणि जुलै 2024मध्ये तीच लाट जपानने हजार येनच्या नव्या नोटेच्या पाठीवर छापली. शेवयांचा वाडगा, सत्तावीस लाख डॉलर आणि हजाराची नोट, चित्र एकच. अर्थशास्त्राच्या पेपरात 'मूल्य म्हणजे काय' या प्रश्नाला मला पाच मार्क पडले होते. आज तेवढेही पडणार नाहीत.

भाच्याचं दैवत मात्र होकुसाई नव्हे. 1904 साली यामामोतो कानाए नावाच्या तरुण चित्रकाराने एका कोळ्याचं चित्र स्वतः काढलं, स्वतः कोरलं आणि स्वतःच छापलं. तिथून जपानात 'सगळं मीच करणार' असा नवा पंथ सुरू झाला. भाचा त्या पंथातला. चित्राखाली आकडे घालायची रीत मात्र युरोपातून आलेली, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडची.

त्या आकड्याकडे मी कॅशियरच्या नजरेने पाहिलं. नोटेवरही नंबर असतोच. पण एकूण नोटा किती छापल्या ते नोटेवर लिहीत नाहीत. लिहिलं तर लोक दुसऱ्या दिवशी सोनं घेतील. भाच्याच्या 7/40मध्ये सात हा आकडा निरुपद्रवी आहे. खरी जोखीम छेदस्थानी आहे. सात म्हणजे नुसती माहिती. चाळीस म्हणजे वचन. 'याउपर छापणार नाही' असं धारकाला दिलेलं लेखी वचन, तेही पेन्सिलीने!

भाच्याच्या ओळखीतले एक गृहस्थ आहेत. चित्रांच्या खरेदीविक्रीतलं त्यांना बरंच कळतं. त्यांनी सांगितलं, "ठसे मोडून टाक. निदान पटाशीने आडवा चरा मार, फोटो काढ आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला पाठव. पुढच्या पुस्तकाला तिप्पट भाव येईल." आम्हीही रद्द चेकवर दोन रेघा मारतो, त्यामुळे सल्ला मला परका वाटला नाही. तरी आठ महिने कोरलेल्या फळीवर चरा मारायचा, म्हणजे पोटात कालवतं.

आणि इथे माझ्यातला कॉमर्सवाला जागा झाला. दीड हजार देणाऱ्याला भाचा दोन वस्तू विकतो. एक पुस्तक. दुसरी वस्तू म्हणजे ते पुस्तक इतरांकडे नसणं. पहिल्या वस्तूसाठी पोराने 640 वेळा हात घासला, खांदा धरला, रात्री तेल चोळून घेतलं. दुसऱ्या वस्तूसाठी त्याने काहीही केलेलं नाही, उलट काही न करण्याचं कबूल केलं आहे. आणि बाजार म्हणतो, पैसे दुसरीचेच जास्त. लहानपणी आईबरोबर मी रॉकेलच्या रांगेत उभा राहिलेला आहे. माल आत असताना 'संपलं' म्हणणाऱ्या दुकानदाराला आम्ही काय म्हणत असू ते इथे लिहिता येत नाही. मग पुढे छापता येत असताना 'संपलं' म्हणणाऱ्याला कलावंत का म्हणायचं?

भाचा यावर चिडला. "मामा, माझा खांदा चाळिसाला बोलला. म्हणून चाळीस."

हे मात्र मला पटलं. खांदा बोलला म्हणून थांबणं आणि भाव चढावा म्हणून थांबणं, कागदावर दोन्ही 40च दिसतात. ऑडिटरला फरक सापडणार नाही. पण फरक आहे. मात्र खांदा बोलला असेल तर खांदा बरा झाल्यावर काय? चेन्नईच्या तारा बुक्सची हाताने छापलेली पुस्तकं मी पाहिली आहेत. तीही प्रत्येक प्रतीवर हाताने क्रमांक घालतात, आणि आवृत्ती संपली की पुढची काढतात. तिथे क्रमांक म्हणजे हाताची खूण, कुलूप नव्हे. भाच्यानेही 'पहिली आवृत्ती' एवढे दोन शब्द लिहिले असते तर माझी झोप गेली नसती. त्याने ते लिहिले नाहीत. चाळीस लोकांनी नुसत्या छेदावर विश्वास टाकला. त्यांत एक निवृत्त शिक्षिका आहेत, त्यांनी पेन्शनीतून दीड हजार दिले. आता वचन खुळं होतं म्हणून ते फिरवायचं? सही केलेला चेक नंतर पटला नाही म्हणून कोणी परत फिरवायला लागलं, तर आमचा धंदा एका दुपारी बसेल.

अशा रीतीने मी दोन्ही बाजूंनी ठाम झालो असताना मिस्त्री आले.

मिस्त्री म्हणजे भाच्याला शिवणीच्या फळ्या रंधून देणारे सुतार. सागवान आणून पोरगं रडकुंडीला आलं होतं, बारीक रेषेला धागा सुटायचा. मिस्त्रींनी शिवण दिली, पटाशीला धार कशी लावायची ते दोन रविवार बसून शिकवलं आणि पैसे घेतले फक्त लाकडाचे. पुस्तकावर त्यांचं नाव नाही. ही जपानी परंपरा भाच्याने न ठरवताच पाळली होती. तोवर चाळीसही प्रती गेल्या होत्या.

"दादा, एक आमच्या नातीला द्या की," मिस्त्री म्हणाले. "दाखवतो तिला, आपल्या लाकडातून काय निघालं."

भाचा गप्प. मी छताकडे पाहिलं. फळ्या समोर, रंग घरात, कागद शिल्लक. एका तासाचं काम. कोणाला कळणारही नाही. आणि 'कोणाला कळणार नाही' हे शब्द मनात आले की आमच्या खात्यात समजतात, माणसाला रजेवर पाठवायची वेळ झाली.

आमची सौ. आतून आली. माझ्या हातातलं 7/40 काढून घेतलं, पदराने पुसलं आणि मिस्त्रींना दिलं. दोन महिन्यांचं माझं तत्त्वचिंतन तिने चहा उकळेपर्यंत निकालात काढलं. मी काही बोललो नाही. बोललो असतो तर वर्गणीच्या पोरांपासून लपणाऱ्या गृहस्थाशी माझं साम्य नाकापुरतं राहिलं नसतं.

मला नंतर भाच्याने वाया गेलेल्या कागदांचं एक पुस्तक शिवून दिलं. त्याच्यावर आकडा नाही. कलावंताने स्वतःसाठी एकदोन प्रती ठेवण्याची रीत आहे म्हणे, तिच्यात ते बसतं की नाही यावर त्याचा अजून अभ्यास चालू आहे. माझ्या प्रतीत गृहस्थाचं तांबडं नाक पान चारवर गालावर गेलं आहे आणि पान अकरावर शेजाऱ्याला मिळालं आहे. पन्नासाच्या किंवा वरच्या फाटक्या नोटेचा एकसंध तुकडा 80 टक्क्यांहून मोठा असेल तर आम्ही पूर्ण पैसे देतो. त्या हिशेबाने माझी प्रत पूर्ण किमतीची आहे.

राहता राहिले ठसे. मिस्त्रींनी जाताना एक फळी उचलली, कोरलेल्या रेषांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "दोन सूत खोल आहे. रंधा मारला तर ह्याच फळीतून अजून एक पुस्तक निघेल." जपानातही जुने ठसे असेच रंधून पुन्हा कोरत असत, हे भाच्याने मला हळूच सांगितलं. मिस्त्रींना सांगितलं नाही, कारण ते कोणाच्या आधाराने बोलत नव्हते.

भाच्याने विचार करायला महिना मागून घेतला आहे. आठही फळ्या सध्या आमच्या पलंगाखाली आहेत. गणपतीच्या आत ती जागा रिकामी झाली पाहिजे, असं सौ.ने बजावलं आहे. मलाही ती जागा तोवर मोकळी हवीच आहे.