साठवणीतली चव

मद्याचा विषय आपल्या धर्मग्रामांत निघाला की तो बहुधा दोन टोकांपैकी एकाला जाऊन थांबतो. एका टोकाला लग्नघरातली मौज असते, दुसऱ्या टोकाला व्यसनाने उद्ध्वस्त झालेला संसार. आम्ही धर्मगुरू प्रवचनातून या दुसऱ्या टोकाविषयी बोलतो आणि ते बोलणे आवश्यकच आहे. घरभेटींच्या वेळी ज्याने मद्यप्याच्या पत्नीचा चेहरा पाहिला आहे, त्याला या बाबतीत मौन पाळता येणार नाही. तथापि या दोहोंमध्ये एक तिसरा मनुष्य उभा आहे. तो झिंगत नाही. तळघरात बाटल्या साठवून तो वर्षानुवर्षे वाट पाहतो आणि मग घोटभर पेय जिभेवर घोळवून त्याचा स्वाद निरखतो. युरोप-अमेरिकेत असे रसिक पुष्कळ आहेत आणि त्यांच्या संग्रहात आंबट व लाकडी पिंपात मुरवलेल्या बिअरला मोठा मान असतो. या मनुष्याला संयमी म्हणावे काय? प्रश्न दूरच्या देशातला असला, तरी त्याचे उत्तर आपल्याही घरापर्यंत येते.

प्रथम हे पेय काय आहे ते पाहू. ब्रुसेल्सच्या नैऋत्येला झेन्ने नदीचे खोरे आणि पायोटनलांड नावाचा कृषिप्रदेश आहे. तेथील लॅम्बिक ही बिअर मोड आणून वाळवलेली बार्ली आणि कच्चा गहू यांपासून करतात. तिच्यात घालायचे हॉप्स मुद्दाम जुने घेतात, कारण त्यांच्याकडून सुगंध नव्हे तर टिकाऊपणा हवा असतो. उकळलेला काढा थंडीच्या रात्री उथळ, विस्तीर्ण पात्रात उघडा ठेवतात. माणूस त्यात विरजण असे काहीच घालत नाही. हवेतले आणि पुढे पिंपाच्या लाकडातले सूक्ष्मजीवच तो आंबवतात. उन्हाळ्यात नको ते जंतू बळावतात, म्हणून हे काम साधारणपणे ऑक्टोबर ते एप्रिल एवढ्याच काळात चालते. त्यानंतर एक ते तीन वर्षे ओकच्या पिंपात मुरणे असते. एक, दोन व तीन वर्षांची लॅम्बिक एकत्र करून बाटलीत भरली की उरलेली साखर पुन्हा आंबते आणि फेसाळ ग्यूझ तयार होते. आंबट चेरी घालून केलेल्या प्रकाराला क्रीक म्हणतात. ब्रुसेल्सच्या अँडरलेख्त भागातील कांतियों हा १९०० साली स्थापन झालेला कारखाना आजही याच रीतीने चालतो. तेथे कोळ्यांची जाळीसुद्धा झाडत नाहीत, कारण पिंपांकडे येणाऱ्या किड्यांना कोळीच आवर घालतात.

अमेरिकेतली रीत निराळी. तेथील बर्बन व्हिस्की कायद्याने नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या पिंपातच मुरवावी लागते. एकदा वापरून मोकळी झालेली ही पिंपे बिअरवाले घेतात आणि काळीभोर, जड स्टाउट त्यांत काही महिने ठेवतात. तिला व्हॅनिलाचा, जळक्या लाकडाचा आणि व्हिस्कीचा वास चढतो. दह्याला आंबटपणा देणारे आम्ल ब्रुसेल्सच्या पिंपात गुण ठरते, पण तेच या स्टाउटमध्ये दोष ठरते. शिकागोच्या गूज आयलंड कारखान्याच्या २०१५ सालच्या अशा काही बिअर जिवाणूंमुळे आंबल्या, तेव्हा २०१६ मध्ये ग्राहकांना पैसे परत देऊ करावे लागले. वस्तू स्वभावतः चांगली वा वाईट नसते, ती कोठे आणि कशासाठी आहे यावर पुष्कळ अवलंबून असते, हे तत्त्वज्ञानाच्या वर्गात शिकवावे लागते. पिंपापाशी ते नुसते चाखून कळते.

आता चाखण्याची पद्धत पाहू. जाणकार मंडळी जमतात, प्रत्येक जण आपल्या संग्रहातली एखादी बाटली आणतो. ७५० मिलिलिटरची बाटली दहा जणांत वाटली की प्रत्येकाच्या वाट्याला ७५ मिलिलिटर येते. प्रथम रंग पाहायचा, मग गंध घ्यायचा, मग लहानसा घोट. सारी मदार लक्ष देण्यावर असते आणि नशा प्रथम हे लक्षच हिरावून घेते. म्हणून खरे चाखणे हे झिंगण्याच्या अगदी उलट आहे. संत थॉमस अक्विनास यांनी संयमाचा विचार करताना अतिरेकाला दोष म्हटलेच, परंतु निसर्गाने जोडून दिलेल्या सुखाला विनाकारण झिडकारणे हाही दोषच मानला. काही उच्च हेतूने सुखाचा त्याग करणारे अर्थातच या दोषातून मुक्त आहेत. एवढ्यावरून आपला तिसरा मनुष्य निर्दोष सुटतो, असे वाटेल.

परंतु एक अडचण आहे. संत ग्रेगरी यांनी खादाडपणाचे पाच प्रकार सांगितले. अति खाणे हा त्यांतला केवळ एक. वेळेआधी खाणे आणि अधाशीपणे खाणे हे आणखी दोन. उरलेले दोन म्हणजे महागड्याचाच हव्यास धरणे आणि फार चोखंदळ होणे. याचा अर्थ असा की, घोटभरच पिणारा माणूसही खादाड असू शकतो. पेला लहान असला म्हणून हाव लहान असतेच असे नाही. मिलिलिटर मोजून संयम सिद्ध होत नाही.

या हावेचे दर्शन वेस्टव्लेटेरेनच्या प्रकरणात घडले. बेल्जियममधील संत सिक्स्टसच्या मठातील ट्रॅपिस्ट संन्यासी बिअर करतात, तीही मठाच्या गरजेपुरतीच. जगभर मागणी असूनही ते उत्पादन वाढवत नाहीत, आणि घेणाऱ्याने ती पुन्हा विकू नये अशी त्यांची अट असते. २०१८ साली नेदरलँड्समधील एका दुकानसाखळीने मठात दोन युरोंहून कमी दराने मिळणारी बाटली सुमारे दहा युरोंना विकली, तेव्हा मठाने जाहीर नाराजी व्यक्त केली. हे संन्यासी भोळे नव्हेत. संत बेनेडिक्ट यांच्या नियमावलीत मठातील वस्तू बाहेरच्या दरापेक्षा थोड्या स्वस्त विकाव्यात असे सांगितले आहे, ते लोभाने शिरकाव करू नये म्हणून. जी वस्तू त्यांनी लोभ टाळण्यासाठी स्वस्त ठेवली, तीच लोभाची वस्तू बनली.

मग संग्रह करूच नये काय? वाट पाहणे हा काही अवगुण नाही. चांगली ग्यूझ नीट ठेवली तर वीस वर्षेही टिकते आणि तिची धार हळूहळू मवाळ होते. पण याच ठिकाणी बाटली स्वतःच आपल्याला मर्यादा घालून देते. क्रीक फार काळ ठेवली तर चेरीचा ताजेपणा ओसरतो. मुरलेल्या स्टाउटवरही हवेचा परिणाम होतो आणि एका टप्प्यानंतर ती उतरणीला लागते. सोने पुरून ठेवता येते. चव पुरून ठेवता येत नाही. जी बाटली उघडण्याचे धैर्य मालकाला झाले नाही, ती कोणाचीच झाली नाही. शुभवर्तमानातील धनवान शेतकऱ्याने मोठी कोठारे बांधायचे ठरवले, तेव्हा त्याच्या बोलण्यात दुसऱ्या कोणा माणसाचा उल्लेखच नव्हता. उलट कानाच्या लग्नात उत्तम द्राक्षारस आला तो पाहुण्यांसाठी, आणि कित्येकांना तो कोठून आला हेही कळले नाही.

आमच्या मते संयमाची कसोटी प्रमाणात आहे तितकीच ती माणसांत आहे. ही बाटली कोणासाठी ठेवली आहे? ती उघडताना समोर कोण बसले आहे? आणि त्या बैठकीत एखादा असा असेल की ज्याला पहिला घोटच पुन्हा जुन्या गर्तेत लोटील, तर त्या दिवशी ती न उघडण्याइतके आपण मोकळे आहोत काय? ज्याला त्या दिवशी बाटली मिटलेली ठेवता येते, तोच रसिक आणि तोच संयमी. ज्याने व्यसनातून सुटण्यासाठी मद्याला कायमचा निरोप दिला, तो या सर्व जाणकारांहून मोठा. त्याला आग्रह करणाऱ्याने रसिकतेचे नाव घेऊ नये.

आपल्यापैकी फार थोड्यांच्या घरी ग्यूझ येईल. पण बोटीवरून किंवा आखातातून आलेली, शोकेसमध्ये वर्षानुवर्षे मिरवणारी एखादी बाटली अनेक घरांत आहे. तिच्या शेजारी पाहुण्यांसाठी म्हणून घेतलेला आणि पाहुण्यांपुढे कधीच न निघालेला काचेचा संच आहे. तो संच तरी या रविवारी खाली काढावा. त्यातून कोकमाचे सरबत दिले तरी चालेल. मात्र ज्याला बरेच दिवसांत कोणी घरी बोलावले नाही, अशा एखाद्याला त्या दिवशी बोलवावे.