खापरी आणि छप्पर

मेलेल्या माणसाची जागा उकरावी का, उकरलीच तर तिच्यावर संग्रहालय बांधावं का, हा प्रश्न काढला की आपली पोरं हसतात. जित्याला घर नाही आणि तुम्ही मढ्याचं काय घेऊन बसलात, म्हणतात. हसायला हरकत नाही. पण मढं आणि मसणवटा हे आपल्या बापजाद्यांच्या गळ्यात बांधलेलं काम होतं. गावात कुणी मेलं की सांगावा घेऊन उन्हापावसात गावोगाव पळायचं ते महारानं. सरणाची लाकडं वाहायची त्यानं. बदल्यात काय, तर मढ्यावरचं कापड. आणि तोच मेला की गावच्या मसणात त्याला जागा नाही. 1958 च्या कायद्यानं ही वतनं गेली, वेगळी मसणं मात्र कितीतरी गावांत तशीच राहिली. तेव्हा थडग्यावर बोलायचा हक्क आधी आपला.

चीनमध्ये शीआन शहराजवळ 1974 च्या मार्चमध्ये काही शेतकरी विहीर खणत होते. पाण्याऐवजी भाजलेल्या मातीची माणसं लागली. छिन शी ह्वांग नावाचा सम्राट इ.स.पू. 210 मध्ये मेला, त्याच्या थडग्याच्या राखणीला पुरलेलं हे मातीचं सैन्य. अंदाजे आठ हजार पुतळे. पहिलाच खड्डा 230 मीटर लांब आणि 62 मीटर रुंद. त्या खड्ड्यावरच मोठं छप्पर घातलं आणि 1 ऑक्टोबर 1979 ला संग्रहालय उघडलं. सम्राटाचं खुद्द थडगं, ते मातीचं टेकाड, अजून उघडलेलं नाही. हे त्यांचं मला पटतं. जिथं सापडलं तिथंच ठेवलं, आणि जे सांभाळता येणार नाही ते उघडलं नाही.

पण हे टेकाड उभं केलं कुणी? सुमारे शंभर वर्षांनी सीमा छ्यान या इतिहासकारानं लिहून ठेवलं की सात लाख माणसं त्या कामावर जुंपली होती, आणि आतली गुपितं ठाऊक असलेले कारागीर दार लावून आतच कोंडले. आकडा फुगवलेला असेल. इतिहास लिहिणाऱ्यांना फुगवायची खोड असतेच. पण 1979-80 च्या सुमारास टेकाडापासून थोड्या अंतरावर मजुरांची थडगी उकरली गेली. सुमारे शंभर सांगाडे निघाले. काहींच्या सोबत फुटक्या कौलाचा तुकडा. त्यावर ओरखडलेलं: नाव, गाव, आणि काहींच्या बाबतीत हेही, की हा माणूस दंडाची किंवा कर्जाची फेड अंगमेहनतीनं करत होता.

हे वाचून ठाणे जिल्ह्यातल्या माणसानं चमकू नये. लग्नासाठी काढलेल्या चार पैशांपायी सावकाराच्या शेतावर जन्मभर राबणारा लग्नगडी याच मातीतला. 1945 साली वारल्यांनी उठाव केला तो या वेठीविरुद्ध. वेठबिगारी बंद करणारा कायदा देशात आला तो थेट 1976 ला. लग्नगड्याला तर खापरीसुद्धा मिळाली नाही.

कुणी म्हणेल, अहो, त्या पुतळ्यांवरही कारागिरांची नावं आहेत, मग श्रमिकाचा गौरव झालाच की! नावं आहेत, खरं. ऐंशीच्या आसपास कारागीर त्यामुळं ठाऊक झाले. पण ती नावं का घातली? काम वाईट निघालं तर कुणाची मान धरायची ते कळावं म्हणून. ही सही नव्हे, हजेरी आहे. कलेची तारीफ करायची आणि कर्जाची चौकशी करायची नाही, ही प्रस्थापितांची जुनी रीत. हात गोड, हाताचा माणूस नको.

आता आपल्या दाराशी या. कोपरच्या वरच्या फलाटावरून वसईची गाडी धरली की वसईनंतरचं स्टेशन नालासोपारा. 2014 ला पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत हेही ठाणे जिल्ह्यातच होतं. इथला स्तूप मातीखाली होता तेव्हा लोक त्याला ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत. टोपल्या विणणाऱ्या जातीचा राजा! प्रस्थापितांच्या कुठल्या बखरीत असला राजा बसला असता? 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो टेकाड खणला. आत दगडी पेटी, तिच्यात तांब्याची डबी, भोवती काशाच्या आठ बुद्धमूर्ती. डबीत डबी, तिच्यात आणखी डबी, शेवटी सोन्याची. आणि सोन्याच्या डबीत काय? मातीच्या भांड्याचे तेरा लहान तुकडे. बुद्धाच्या भिक्षापात्राचे मानले गेलेले.

मित्रांनो, इथं जरा थांबा. तिकडं सम्राटाच्या पायथ्याशी कर्जदार मजुराच्या अंगावर खापरी, इकडं सगळ्यात आतल्या सोन्यात खापरी. मनुस्मृतीनं चांडाळाला फुटक्या भांड्यात जेवायला लावलं, पेशवाईत आपल्या गळ्यात थुंकायला मडकं आलं. त्याच मातीला या स्तूपात सोन्याचं घर मिळालं होतं. कोणाचा काळ पुढारलेला म्हणायचा?

ते सगळं नंतर मुंबईला गेलं. पेटी आणि मूर्ती एशियाटिक सोसायटीकडं, टाउन हॉलमध्ये. सोपाऱ्यात सापडलेले अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात. सोपाऱ्याला राहिल्या विटा. त्या काळी नेलं म्हणून वाचलं, हे मान्य करायला हवं. पण वाचवणं वेगळं आणि कायमचं ठेवून घेणं वेगळं. सोपाऱ्याला छप्पर हवं आणि खापरी तिच्या जागी परत यायला हवी, असं माझं मत आहे. झगमगाटासाठी आणखी खणू नये, हेही.

पण छप्पर मागताना काय मागतो आहोत ते कळलं पाहिजे. सम्राटासारखं नको. कान्हेरीच्या लेण्यांत पाहा. कल्याणच्या सामिदत्त सोनारानं पाण्याचं टाकं दिलं, कल्याणच्या नंद लोहारानं वाट करून दिली. दोघांची नावं, गाव, धंदा दगडात आहेत. हजेरीसाठी नव्हे, त्यांनी दिलं म्हणून. पाण्याचं टाकं म्हटल्यावर तुम्हाला 1927 चं महाड आठवणारच. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याणचा कारागीर पाणी देत होता, आणि आपल्याला ओंजळभर पाण्यासाठी चालत जावं लागलं.

दादरला इंदू मिलच्या जागेवर बाबासाहेबांच्या स्मारकाचं भूमिपूजन 2015 साली झालं. पुतळा 350 फुटांचा, खाली 100 फुटांचा चौथरा ठरला. उंचीवर आपल्यात खूप वाद झाले, अजून होतात. फूट मोजायला आपल्यालाही आवडायला लागलंय. मला वेगळंच विचारायचं आहे. कल्याण-डोंबिवलीच्या नाक्यावर सकाळी डबा घेऊन उभा राहणारा मजूर असल्या कामावर जातो, सळया बांधतो, काँक्रीट ओततो. त्याचं नाव कंत्राटदाराच्या हजेरीबुकात असतं. काम संपलं की ते बुक कुठं जातं? आणि स्मारकाच्या कुठल्या भिंतीवर ती नावं कोरायची, हे आपल्यापैकी कुणी समितीला विचारलंय का?